आधी कापूस वेचून घ्या

समृद्ध देशानं परक्यांना आत घ्यावं की नाही, यावर तुमचं मत असलंच पाहिजे. पानठेल्यावर खर्रा घोटून होईस्तोवर ज्याला मत सुचत नाही, त्याला आमच्याकडे कोणी लग्नाच्या बैठकीलाही बोलवत नाही. फक्त एकाच मतावर भागवू नका. एक सकाळचं आणि एक दुपारचं, अशी दोन बाळगा.

सकाळचं मत अमेरिकेबद्दलचं. २०२५च्या सप्टेंबरात ट्रम्प यांनी तिथं नोकरीला जाणाऱ्यांच्या नव्या एच-१बी व्हिसावर १ लाख डॉलरचं शुल्क लावलं, तेव्हा हे मत आमच्या चौकात फार जोमात होतं. "काहून बाप्पा, आमच्या पोट्ट्यायनं त्यायचा देश चालवला, अन् आता आमीच जड झालो?" असं म्हणावं. माणसाला जिथं संधी दिसेल तिथं जाता आलं पाहिजे, अमेरिका मुळात बाहेरून आलेल्यांनीच उभी केली, न्यूयॉर्कच्या बंदरात १८८६पासून मशाल धरून उभी असलेली ती बाई काय शोभेची आहे काय, हेही त्यात घालावं. त्याच दिवशी ट्रम्प यांनी १० लाख डॉलर देणाऱ्याला राहू देण्याच्या 'गोल्ड कार्ड'चाही हुकूम काढला, तो विषय मात्र टाळावा. उगाच एखादा वावराचा भाव विचारू लागतो.

दुपारचं मत वावरात लागतं. दिवाळीच्या आगंमागं कापसाची पऱ्हाटी फुटते, गावातल्या बाया पुरत नाहीत, आणि मुकादम छत्तीसगडातून, मध्य प्रदेशातून, मेळघाटातून माणसं गाडीत कोंबून आणतो. ती गोठ्याशेजारी राहतात, नाहीतर विहिरीवरच्या मोटारीच्या खोलीत. त्यांच्याकडे पाहून म्हणावं, "हे कोन, कुठले? आधार कार्ड तरी पायलं काय? यायच्यानं गावात चोऱ्या वाढल्या." चोरी झालेली नसली तरी वाढल्याच म्हणावं. मेळघाटातला कोरकू आदिवासी आपल्याच जिल्ह्यातला, पण दुपारच्या मतात त्यालाही परकाच धरावा. भाषा कळत नाही तो परका, एवढी सोपी कसोटी असताना नकाशे कशाला काढायचे?

गावातल्या बायांची एक तक्रार खरी आहे. बाहेरची टोळी उतरली की वेचाईचा किलोमागचा दर पडतो. या तक्रारीकडे कानाडोळा करा. ती मनावर घेतली तर सगळ्यांनाच दर वाढवून द्यावा लागेल, आणि मग आपला प्रश्न परक्यांचा न राहता मजुरीचा होऊन बसेल. असे प्रश्न पानठेल्यावर चालत नाहीत.

आता मुख्य गोष्ट, म्हणजे वेळ साधणं. परक्यांना हाकलावं जरूर, पण आधी कापूस वेचून घ्यावा. यात अमेरिकेकडून शिकण्यासारखं पुष्कळ आहे. कॅलिफोर्नियाकडून पूर्वेला जाणारा रेल्वेमार्ग हजारो चिनी मजुरांनी डोंगर फोडून, बर्फात मरून घातला. १८६९ साली रूळ जुळले. १८८२ साली चिनी मजुरांना देशात यायला बंदी करणारा कायदा झाला. रूळ जुळायच्या आधी तो कोणाला सुचला नाही, याला म्हणतात वेळ साधणं. बंदी उठायला १९४३ उजाडलं. तेव्हा जपानशी लढाई चालू होती आणि चीन मित्र निघाला होता.

अलीकडे मात्र त्यांचा हा हात बिघडलेला दिसतो. तिथल्या शेतात पीक काढणाऱ्या मजुरांपैकी जवळपास ४० टक्के लोकांकडे कागदच नाहीत, असं त्यांचंच कृषी खातं सांगतं. तरी २०२५च्या उन्हाळ्यात धाडी सुरू झाल्या, माल वावरात उभा असताना! तिथले कास्तकार ओरडले. जूनमध्ये शेतं आणि हॉटेलांवरच्या धाडी थांबवायचं फर्मान निघालं आणि काही दिवसांतच तेही फिरलं. आमच्याकडचा शेंबडा मुकादमही इतका कच्चा नाही.

कोणी विचारेल, सीमा तर पवित्र असते ना? असतेच. देशाची सीमा आपल्या वावराच्या धुऱ्यासारखी, म्हणजे बांधासारखी असते, नांगरताना आपण कोरला तर सरळ आणि शेजाऱ्यानं कोरला तर तहसील. १८४८ साली अमेरिकेनं मेक्सिकोशी लढाई जिंकून कॅलिफोर्नियापासून न्यू मेक्सिकोपर्यंतचा मुलूख धुऱ्याच्या आत घेतला. आता त्याच मुलखात मेक्सिकोचा माणूस टमाटे तोडायला आला की तो घुसखोर.

माल आणि माणूस यांतही गल्लत करू नका. मालाला स्वातंत्र्य असावं. २०२५च्या १९ ऑगस्टला आपल्या सरकारनं आयात कापसावरचं ११ टक्के शुल्क काढलं आणि ती सवलत पुढं ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, म्हणजे नेमकी आपली पऱ्हाटी फुटून बाजारात येईपर्यंत. तेव्हा अमेरिकेच्या कापसाची गाठ बिनशुल्क आपल्या बंदरात उतरली, पण तिच्यामुळे भाव पडलेल्या कास्तकाराचं पोरगं त्यांच्या विमानतळावर उतरायचं म्हटलं की रांग. उलट्या दिशेचंही उदाहरण आहे. २०२५च्याच फेब्रुवारीत कागद नसलेल्या १०४ भारतीयांना अमेरिकेनं लष्करी विमानानं अमृतसरला आणून सोडलं, हातात बेड्या, पायात साखळ्या. कापसाच्या गाठीलाही पट्ट्या आवळतातच म्हणा, पण तिचा विमा तरी उतरवलेला असतो.

परक्यांना सरळ आत घेणं हा दरिद्री देशांचा छंद आहे. आपण तो करून बसलो आहोत. १९५९ साली दलाई लामांच्या मागोमाग तिबेटी आले, तेव्हा आपण अमेरिकेचा गहू खाऊन दिवस काढत होतो. तरी जागा दिली. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी मोरगाव तालुक्यात १९७२पासून त्यांची वसाहत आहे. पूर्व पाकिस्तानातून आलेले बंगाली गडचिरोलीच्या चामोर्शी-मुलचेरा भागात वसवले, त्यांनी तिथं धान पिकवला, तळ्यात मासे वाढवले. जगातले सत्तर टक्क्यांहून जास्त निर्वासित आजही गरीब आणि मध्यम देशांतच आहेत. श्रीमंताला हे परवडत नाही, त्याच्याकडे गमवायला फार असतं. तेव्हा तुमचं घर ज्या वर्षी स्लॅबचं होईल, त्या वर्षी फाटकही बसवून घ्या.

एक धोक्याची सूचना. गडचिरोली-चंद्रपूरची माणसं दरवर्षी मिरची तोडायला तेलंगणात जातात, म्हणजे तिथल्या दुपारच्या मतात ती येतात. २०२०च्या टाळेबंदीत ती उन्हात पायी परत आली. तेव्हा कित्येक गावांनी वेशीवर बल्ली आडवी टाकून ठेवली होती, आपल्याच माणसांसाठी. ही आठवण कोणी काढली तर लगेच क्रिकेटवर यावं.

राहता राहिलं तुमचं पोरगं. त्याला अमेरिकेत शिकायला पाठवायचंच असेल तर व्हिसाच्या मुलाखतीची तयारी करून घ्या. तिथला कायदा धरूनच चालतो की हा परत जाणार नाही. जाणार आहे, हे पोरानं पटवायचं असतं. म्हणून त्याला घोकवून घ्या: माय-बाप गावात आहेत, मला शेतीची आवड आहे, शिकून मी वावरातच येणार. हे म्हणताना हसू येऊ द्यायचं नाही. पुरावा म्हणून सातबारा न्यावा. शिक्षणाच्या कर्जाचा बोजा त्याच सातबाऱ्यावर चढलेला असेल, तेवढा भाग आत जाईल अशी घडी घालून द्या.