अनुभवी बेसबॉलपटू ‘अडून बसतात’, हे कितपत खरे?

फेब्रुवारीच्या मध्याला फ्लोरिडा आणि ॲरिझोनामध्ये मेजर लीग बेसबॉलच्या, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल स्पर्धेच्या, क्लबांची सराव शिबिरे सुरू होतात आणि त्याच सुमारास एक ठरीव तक्रारही कानावर येऊ लागते. तिशीला पोहोचलेले, नाव कमावलेले काही खेळाडू तोवर कोणत्याच क्लबशी करारबद्ध झालेले नसतात. त्यांच्याविषयी जे म्हटले जाते ते थोडक्यात असे: हे लोक हावरटपणाने अडून बसले आहेत, समोर आलेले कोट्यवधी डॉलर त्यांनी लाथाडले आहेत, त्यांचा एजंट, म्हणजे बहुतेक वेळा स्कॉट बोरास, त्यांना हरभऱ्याच्या झाडावर चढवतो, त्यांच्या पगारापायी प्रेक्षकांचे तिकीट महागते, आणि उशिरा आल्यामुळे शेवटी ते खेळायच्याही कामाचे राहत नाहीत. यातली शेवटची तक्रार काही अंशी खरी आहे, आणि तिच्याकडे मी शेवटी येईन.

सुरुवात ‘अडून बसणे’ या शब्दापासूनच करावी लागेल, कारण अडून बसायला माणूस आधी कुणाशी तरी बांधलेला असावा लागतो. १९६६ साली लॉस एंजेलिस डॉजर्सचे पिचर (चेंडू टाकणारे खेळाडू) सँडी कोफॅक्स आणि डॉन ड्राईसडेल सराव शिबिराला न जाता महिनाभर घरी बसले, ते खरे अडून बसणे होते. त्या काळी प्रत्येक करारात खेळाडूला क्लबशी जखडून ठेवणारे कलम असे, त्यामुळे दुसरीकडे जाण्याची वाटच त्यांना नव्हती. खेळायचे तर डॉजर्सकडून, नाहीतर नाही. दोघांनी मिळून तीन वर्षांसाठी १० लाख डॉलर मागितले आणि अखेर त्या एका वर्षासाठी कोफॅक्सने १ लाख २५ हजारांवर, तर ड्राईसडेलने १ लाख १० हजारांवर सही केली. हेच कलम मोडून काढण्यासाठी कर्ट फ्लड हा खेळाडू सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९७२ मध्ये हरला. कलम प्रत्यक्षात मोडले ते २३ डिसेंबर १९७५ रोजी, लवाद पीटर साइट्झ यांच्या निवाड्याने. आजचा फ्री एजंट, म्हणजे मोकळा झालेला खेळाडू, कोणाच्याही करारात नसतो, म्हणजे तो कुणालाच अडवत नाही. घर विकायला काढलेल्या माणसाला मनाजोगा भाव मिळाला नाही म्हणून तो थांबला, तर त्याने अडवणूक केली असे आपण म्हणत नाही.

हा खेळाडू बाजारात एवढ्या उशिरा का येतो, हेही तक्रारदार विचारात घेत नाहीत. साइट्झ निवाड्यानंतर ऑकलंड क्लबचे मालक चार्ली फिनली यांचे म्हणणे होते की सगळ्याच खेळाडूंना दरवर्षी मोकळे करून टाकावे. खेळाडू संघटनेचे मार्विन मिलर याच कल्पनेला धास्तावले होते, कारण माल उदंड झाला की भाव पडतो. इतर मालकांनी फिनली यांचे ऐकले नाही, आणि वाटाघाटींतून ठरले ते असे की सहा वर्षांची सेवा भरल्यावरच खेळाडू मोकळा होईल. त्यातली पहिली सुमारे तीन वर्षे तो किमान वेतनाच्या आसपास खेळतो (२०२५ मध्ये हे वेतन ७ लाख ६० हजार डॉलर होते) आणि पुढची तीन वर्षे त्याचा पगार, एकमत न झाल्यास तो लवाद ठरवेल या टांगत्या छायेखाली, ठरतो. चोविसाव्या-पंचविसाव्या वर्षी पदार्पण केलेला माणूस स्वतःची किंमत पहिल्यांदा मागतो तेव्हा तिशीला टेकलेला असतो.

शिवाय ही सहा वर्षेही ताणता येतात. मोसमाचे दिवस सुमारे १८७ असतात आणि १७२ दिवस भरले की सेवेचे एक वर्ष धरले जाते. २०१५ मध्ये शिकागो कब्जने क्रिस ब्रायंटला मोसम सुरू झाल्यानंतर खालच्या लीगमधून मुख्य संघात आणले. त्याचे दिवस भरले १७१. त्या एका दिवसाने त्याचे मोकळे होणे वर्षभर पुढे गेले. दुसऱ्याच मोसमात तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि कब्जने १०८ वर्षांनंतर वर्ल्ड सीरिज, म्हणजे विजेतेपदाची अंतिम मालिका, जिंकली. त्या वर्षीचा त्याचा पगार होता ६ लाख ५२ हजार डॉलर. त्याची तक्रार लवादाने २०२० मध्ये फेटाळली, म्हणजे नियमाप्रमाणे क्लबचे काही चुकले नव्हते. पण क्लबने नियमाच्या चौकटीत एक दिवस वाचवला तर ते व्यवहारकौशल्य ठरते आणि खेळाडूने त्याच चौकटीत महिनाभर वाट पाहिली तर तो हावरटपणा ठरतो, हा न्याय मला समजत नाही.

आता लाथाडलेल्या कोट्यवधींविषयी. २०१२ पासून अशी पद्धत आहे की जुना क्लब आपल्या निघालेल्या खेळाडूला ठरावीक रकमेचा एक वर्षाचा प्रस्ताव देऊ शकतो, आणि तो नाकारलेल्या खेळाडूला जो दुसरा क्लब घेईल त्याला नवोदितांच्या ड्राफ्टमधली (क्लबांनी आळीपाळीने नवे खेळाडू निवडण्याच्या प्रक्रियेतली) एखादी निवड गमवावी लागते. हा प्रस्ताव नाकारून पस्तावलेले खेळाडू आहेत, हे मान्य करायला हवे. कॅन्सस सिटीच्या माइक मूस्टाकसने २०१७ मध्ये ३८ होमरन मारले, १ कोटी ७४ लाखांचा प्रस्ताव नाकारला, आणि मार्चमध्ये त्याच क्लबकडे ५५ लाखांच्या पगारावर परतला. हिशोब चुकला, यात शंका नाही. मात्र तो का चुकला, हे २०१९ मध्ये अधिक स्वच्छ दिसले. डॅलस काइकेल आणि क्रेग किंब्रेल हे दोघे नावाजलेले पिचर सबंध हिवाळा आणि मोसमाचे पहिले दोन महिने बेकार होते. त्या वर्षीचा ड्राफ्ट ३ जूनला सुरू झाला आणि तो सुरू झाला की निवड गमावण्याची अट संपते. दोघांचेही करार त्याच आठवड्यात ठरले. हट्ट हेच कारण असते, तर तो नेमका त्याच आठवड्यात कसा सुटला असता?

अनेकदा तर लाथाडायला काही समोर आलेलेच नसते. ब्रँडन बेल्टने २०२३ मध्ये टोरांटोकडून १९ होमरन मारले आणि पुढच्या वर्षी त्याला कुठेच करार मिळाला नाही. बॅरी बॉण्ड्सने २००७ मध्ये, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी, बेसवर पोहोचण्याच्या प्रमाणात सगळ्या लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. पुढच्या वर्षी त्याच्या एजंटाने किमान वेतनावरही तो खेळेल असे सांगितले, तरी एकाही क्लबने त्याला घेतले नाही. त्याच्या डोक्यावर तेव्हा खोट्या साक्षीचा खटला होता, त्यामुळे कारण समजण्यासारखे आहे; पण ते कारण खेळाडूचा लोभ हे नव्हे.

या सगळ्यात मला सर्वांत बोलके वाटते ते आंद्रे डॉसनचे उदाहरण. माँट्रियलच्या कृत्रिम गवतावर दहा वर्षे धावून त्याचे गुडघे खिळखिळे झाले होते आणि त्याला शिकागोच्या रिगली फील्डवरच्या खऱ्या हिरवळीवर खेळायचे होते. १९८७ च्या मार्चपर्यंत त्याला दुसऱ्या क्लबची बोलीच आली नाही. शेवटी तो एजंटासह कब्जच्या ॲरिझोनातल्या शिबिरात गेला आणि सही केलेला करार त्यांच्या हाती दिला. पगाराची जागा कोरी होती. आकडा क्लबने भरायचा होता. कब्जने भरला ५ लाख, वर काही बोनस. त्या मोसमात डॉसनने ४९ होमरन मारले आणि तळाच्या क्रमांकावरच्या संघात असूनही तो लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. बोली का येत नव्हती, याचा उलगडा नंतर झाला. १९८५ पासून सलग तीन हिवाळे क्लबमालकांनी एकमेकांच्या खेळाडूंना हात न लावण्याचे संगनमत केले होते, असा निष्कर्ष लवादांनी काढला आणि १९९० मध्ये मालकांनी २८ कोटी डॉलरची भरपाई मान्य केली. हा सिद्ध झालेला इतिहास आहे. त्या तीन वर्षांत जर कुणी अडून बसले असेल, तर ते मालक.

बोरास यांच्याविषयी मी फारसे लिहिणार नाही. ते वाटाघाट लांबवतात, हे सर्वश्रुत आहे. मात्र एजंटाला खेळाडू नेमतो आणि काढूही शकतो. पिचर जॉर्डन माँटगोमेरीने २०२४ च्या एप्रिलमध्ये त्यांना सोडून तेच केले. शिवाय थांबणे नेहमी अंगाशी येते असेही नाही. त्याच हिवाळ्यातला बोरास यांचा दुसरा खेळाडू मॅट चॅपमन मार्चमध्ये तीन वर्षांच्या ५ कोटी ४० लाखांवर सॅन फ्रान्सिस्कोला गेला. सप्टेंबरमध्ये त्याच क्लबने त्याच्याशी सहा वर्षांचा १५ कोटी १० लाखांचा करार केला.

तिकिटांचा मुद्दा दोन वाक्यांत निकालात निघतो. याच सॅन फ्रान्सिस्को क्लबने २००९-१० मध्ये मागणीनुसार बदलणारे तिकीटदर सुरू केले, आणि एप्रिलमधल्या मंगळवारी व डॉजर्सविरुद्धच्या शनिवारी एकाच खुर्चीचे दर वेगळे असतात, तेव्हा त्या दोन दिवसांत मैदानावरच्या खेळाडूंचा पगार बदललेला नसतो. प्रेक्षक जितके मोजायला तयार असतात तितके क्लब घेतो; पगार कमी झाले तर उरलेली रक्कम तिकीटखिडकीवर परत मिळेल, असे मानायला आधार नाही.

राहता राहिली शेवटची तक्रार, आणि इथे तक्रारदारांच्या बाजूने बरेच काही आहे. स्टीफन ड्रू २०१४ मध्ये मे महिन्यात करारबद्ध झाला आणि त्या मोसमात त्याची बॅटिंग सरासरी .१६२ वर घसरली. माँटगोमेरी २०२४ मध्ये मार्चअखेर आला आणि दर नऊ डावांमागे सहाहून अधिक धावा देत राहिला. शिबिराचे सहा आठवडे चुकवल्याची किंमत, विशेषतः पिचरला, मोजावी लागते. पण टिम रेन्स १९८७ च्या त्या संगनमतामुळे १ मेपर्यंत बाहेर होता. २ मे रोजी न्यूयॉर्कमध्ये शिबिराचा एकही दिवस गाठीशी नसताना तो उतरला, आणि दहाव्या डावात तिन्ही बेस भरलेले असताना त्याने होमरन मारून सामना जिंकून दिला. पिचर ब्लेक स्नेलही २०२४ मध्ये १९ मार्चच्या सुमारास सॅन फ्रान्सिस्कोकडे आला. पहिल्या सहा सामन्यांत तो इतका मार खात होता की पैसे पाण्यात गेले असे क्लबच्या चाहत्यांना वाटले असल्यास नवल नाही. २ ऑगस्टला सिनसिनाटीमध्ये त्याने ११४ चेंडू टाकले आणि प्रतिस्पर्ध्यांना एकही हिट मिळू दिला नाही.