मृत्यू काय फक्त त्यांच्याच चित्रांत?

बडोद्यातल्या आमच्या नातेवाइकांत व्हॉट्सअ‍ॅपवर आठवडाभर एक चित्र फिरतंय. पलंगावर मरायला टेकलेला कंजूष, दारातून आत येणारा हाडांचा सापळा, पैशांची थैली पुढे करणारा सैतान. खाली मजकूर: ‘पाश्चात्य धर्मचित्रं सैतानाला आणि मृत्यूला पूजतात. आपल्या धर्मचित्रांत ना मरण, ना लोभ, सगळं मंगल.’ तीन आत्यांनी हात जोडलेत.

चित्र हिएरोनिमस बॉश या डच चित्रकाराचं, साधारण १५०० च्या आसपासचं; सध्या वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीत. सैतानाची पूजा म्हणता, मग म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून खिडकीतल्या क्रूसाकडे खुणावणारा देवदूत कोणाचा? तरी म्हाताऱ्याचा हात थैलीकडेच. तो शेवटी काय निवडतो, हे बॉशने सांगितलेलं नाही. आणि खालची पेटी बघा. तोच म्हातारा, पण ठणठणीत असतानाचा: एका हातात जपमाळ, दुसऱ्या हाताने नाणं थैलीत टाकतोय आणि थैली धरलीय उंदीरतोंड्या पिशाच्चाने! ही पूजा नव्हे, जप करता करता पैसे मोजणाऱ्यांची टवाळी आहे.

त्यांच्या धर्मचित्रांतल्या कवटीचंही तसंच, तीही मृत्यूची पूजा नव्हे. येशूच्या क्रूसाच्या पायथ्याशी रंगवतात ती आदमची, पहिल्या माणसाची. येशूला जिथे क्रूसावर चढवलं ती गोलगोथा म्हणजेच कवटीची जागा.

आता ‘आपल्यात मरण नाही’. कालीच्या गळ्यातली मुंडमाळ विसरलात? तिबेटी भवचक्र, म्हणजे जन्ममरणाच्या फेऱ्याचं बौद्ध चित्र, तर यमाच्याच जबड्यात असतं. मधोमध कोंबडा, साप, डुक्कर, म्हणजे हाव, द्वेष, अज्ञान. अजिंठ्याच्या १७ व्या लेण्याच्या ओसरीतही भवचक्राचा तुकडा उरलाय.

पण एवढं लांब कशाला? आपलं बडोद्यातलं कीर्तिमंदिर गायकवाडांच्या दिवंगतांचं स्मारक. तिथे चित्रकार नंदलाल बोसांनी १९३९ पासून भिंती रंगवल्या. गंगावतरण: सगराच्या साठ हजार पुत्रांच्या राखेसाठी उतरलेली गंगा. महाभारताचं रण. राजवाडा सोडलेली मीरा. आणि चौथी भिंत टागोरांच्या ‘नटीर पूजा’ नाटकाची. स्तूपापुढे नाचण्याचा हुकूम झालेली नर्तकी नाचता नाचता एकेक दागिना उतरवून टाकते, आत भिक्षुणीचं वस्त्र निघतं, आणि तिथेच तिला ठार मारतात.

राजघराण्याच्या स्मारकात, सोनंनाणं भोगलेल्यांच्या आठवणीसमोर, हे चित्र काढू दिलं! मजकूर लिहिणारा बडोद्याचा नसणार. हात जोडणाऱ्या आत्या मात्र आहेत, त्यातली एक तर तिथून चालत जाण्याच्या अंतरावर राहते.