ही खिडकी नाही, एलिव्हेशन आहे

जुन्या नाशकात पडका वाडा हाती लागलाय? अभिनंदन. आधी सागवानी खांब अन् तुळया विकून टाका, फार्महाऊसवाले टपून बसलेत.

मग सगळी इमारत निळ्या काचेनं मढवा, या दर्शनी सजावटीला एलिव्हेशन म्हणायचं. कुणी कुरकुरलं तर सांगा, न्यूयॉर्कचं लिव्हर हाऊस १९५२ साली असंच बांधलं, त्याच्याही खिडक्या उघडत नव्हत्या. तिथं बर्फ पडतो, हे सांगायची गरज नाही.

काचेचं तोंड पश्चिमेलाच हवं.

चौक बुजवा. गाड्या लावायच्या कुठे?

पंखा लावू नका, फॉल्स सीलिंगला शोभत नाही. गेल्या बुधवारी अशाच एका इमारतीत चौथ्या मजल्यावर एका सहीसाठी दोन तास बसलो होतो. दुपारचे तीन, एप्रिल, आणि लाइट गेली. जनरेटर होता, पण लिफ्टपुरता अन् लॉबीतल्या कारंज्यापुरता. काचेतून खाली गंगा, म्हणजे आमची गोदावरी, दिसत होती, काठावरचं पिंपळाचं पान न् पान हलत होतं, आणि आम्ही वीसजण आत शिजत होतो. एक आजी फाइलनं वारा घेत होत्या. त्यांच्या सुनेनं शिपायाला खिडकी उघडायला सांगितलं. तो म्हणाला, "ताई, ही खिडकी नाही, एलिव्हेशन आहे." (सही? साहेब जेवायला गेले होते.)

लॉबीत काळारामाच्या देवळाचं मोठं चित्र लावा, वारसा जपला जातो.

उंचीची काळजी नको. पॅरिसकरांनी १९७३ मध्ये मोंपारनासचा २१० मीटरचा मनोरा उभारला आणि मग इतके वैतागले, की १९७७ मध्ये शहरात नव्या इमारतींना ३७ मीटरची मर्यादा घातली. खुळे लेकाचे. त्यांना टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क विकत घेऊन आपल्या इमारतीवर मजले चढवायची सोय, माहीत नसावा.

अहो, पण चाललंय काय हे? माझ्या आजोबांच्या वाड्यात भिंती हातभर जाड होत्या. चौकातून तापलेली हवा वर निघून जायची, ओसरीवर भर उन्हाळ्यात दुपारी झोप लागायची. बिनविजेचं, बिनखर्चाचं. ते पाडून तुम्ही भट्टी बांधली, ती गार ठेवायला गच्चीवर एसीचे डबे रचले आणि त्यांची धग सोडली शेजारच्या गल्लीत. तिथं अजून माणसं राहतात. तुमच्या काचेवरून उलटलेलं ऊन त्यांच्या माजघरात शिरतं, भर दुपारी गोणपाट लावून बसतात बिचारी. त्यांनी तुमचं काय घोडं मारलंय? वाडा पुन्हा बांधा असं कुणी म्हणत नाही. पण एक खिडकी ठेवा की. एकच. कडी काढली की उघडेल अशी.