मरळ पण जगते की पाण्याबाहेर! (लंगफिशवरच्या कमेंटला उत्तर)

तुमची कमेंट जरा चिडून लिहिल्यासारखी वाटली, पण मुद्दे चांगले काढलेत, म्हणून दोन ओळीत न उरकता नीटच लिहितो. बाकीच्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर यांचं म्हणणं असं: लंगफिश नावाच्या माशाला फुप्फुसं आहेत म्हणून तो पाण्याबाहेर जगतो, विषय संपला, मी माझ्या लेखात अमोनिया आणि युरिया उगाच घुसडला, तो कोरड्यात चार वर्षं जगतो वगैरे व्हॉट्सॲपछाप गोष्टी, आपली मरळ पण हेच करते, तिचं कौतुक कोणी करत नाही, आणि फुप्फुस वाताशयापासून (माशाच्या पोटातली हवेची पिशवी) झालं असं खुद्द डार्विनने लिहिलंय, मी उलटं सांगतोय.

पहिलंच वाक्य घेऊ, कारण सगळी गडबड तिथेच आहे. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलंडच्या मेरी आणि बर्नेट नद्यांमध्ये जो लंगफिश आहे त्याला फुप्फुस आहे, एकच आहे पण चांगलं चालतं, आणि तरी तो कोरड्यात टिकत नाही, अंग ओलं ठेवलं तर फार तर काही दिवस. त्याचे कल्ले धडधाकट, एरवी त्यांच्यावरच भागवतो, पाण्यातला ऑक्सिजन कमी पडला किंवा धावपळ जास्त झाली की वर येऊन हवा घेतो. चिखलात पुरून घेणं त्याला जमतच नाही. आफ्रिकेतल्या चार जाती आणि दक्षिण अमेरिकेतली एक, यांना मात्र दोन-दोन फुप्फुसं आणि कल्ले इतके खुरटलेले की मोठ्या माशाला वर येऊ दिलं नाही तर तो पाण्यात बुडून मरतो. हो, मासा, बुडून. म्हणजे हवा घेता येणं वेगळं आणि पाण्याबाहेर जगता येणं वेगळं, मूळ लेखात मी तेच सांगत होतो.

आता अमोनिया का आणला ते बघा. हवा आत घ्यायची पद्धत बेडकासारखी आहे, छातीचा भाता नाही, तोंडात हवा भरायची, फुप्फुसातली जुनी हवा बाहेर येऊ द्यायची, मग तोंड मिटून तोंडाचा तळ वर उचलून नवी हवा आत ढकलायची, आफ्रिकन लंगफिश हे दर काही मिनिटांनी करतो. ऑक्सिजनचा प्रश्न मिटला. पण कार्बन डायऑक्साइड? पाण्यात असताना तो बराचसा कातडीतून आणि त्या उरल्यासुरल्या कल्ल्यांतूनच निघून जातो, पाणी गेलं की ती वाट बंद, तो रक्तात साठतो आणि रक्त आम्लाकडे झुकतं. अमोनियाचंही तेच, मासे तो थेट पाण्यात सोडून देतात, पाणीच नसेल तर ते विष अंगातच राहणार. आणि या सगळ्याच्या वर अंगातलं पाणी उडून जाणं आहेच. एवढ्या भानगडींपैकी फुप्फुस फक्त एक सोडवतं.

बाकीच्या कशा सोडवतो हीच तर खरी मजा! पश्चिम आफ्रिकेतला लंगफिश प्रोटोप्टेरस अ‍ॅनेक्टेन्स तळं आटायला लागलं की चिखल तोंडात घेऊन कल्ल्यांच्या फटीतून मागे टाकत खाली उतरतो, बिळाच्या तळाशी उलटा वळून, तोंड वर करून, शेपटी डोक्यावर ओढून बसतो आणि अंगभर चिकट स्राव सोडतो, तो वाळून कांद्याच्या सुक्या सालासारखा पातळ कोष होतो, उघडी जागा फक्त तोंडापाशी. श्वास तिथून. बरं हा कोष म्हणजे निव्वळ वाळलेला शेंबूड नाही, २०२१ मध्ये आलेल्या संशोधनात दिसलं की त्यात जिवंत पेशी असतात आणि त्यातल्या पांढऱ्या पेशी बाहेरच्या जिवाणूंना अडकवतात. आत शरीराचा कारभार अगदी मंद, लघवी जवळजवळ बंद, अमोनियाचा युरिया करून तो तसाच साठवायचा कारण युरिया तेवढा विषारी नाही, आणि खायला काही नाही म्हणून स्वतःचेच स्नायू थोडे थोडे जाळायचे. पाऊस आला की युरिया बाहेर. होमर स्मिथ नावाच्या अमेरिकन शास्त्रज्ञाने व्हिक्टोरिया सरोवराकडचे लंगफिश घेऊन १९३० मध्ये हेच मांडलं होतं, आणि तो किडनीवाला माणूस होता, त्यामुळे तुमची युरियाबद्दलची तक्रार त्याच्याकडे करा.

चार वर्षांचा आकडा प्रयोगशाळेतला आहे, तिथे मुद्दाम कोरडं ठेवलेलं असतं. निसर्गात उन्हाळा संपेपर्यंतचे काही महिने, बस. पण हे दगडासारख्या चिखलात जगतात यात शंका नको, १९व्या शतकात गॅम्बियातून असे मासे ढेकळासकट जहाजाने युरोपला गेलेत.

मरळ. कौतुक मी पण करतो, बाजारात घमेल्यात तासन् तास वळवळत असते ते सगळ्यांनी बघितलंय, ओल्या चिखलातही तग धरते. पण तिला फुप्फुस नाही, कल्ल्यांच्या वर डोक्यात एक पोकळी असते, तिच्या अस्तरातून ती हवेतला ऑक्सिजन घेते. कोकणच्या खाडीतली निवटी कातडी आणि तोंडाच्या आतल्या ओलसर अस्तरावर भागवते. दोघींनी स्वतंत्रपणे काढलेली पळवाट आहे ही. लंगफिशचं फुप्फुस मात्र तुमच्या-माझ्या फुप्फुसाचंच नातेवाईक, अन्ननलिकेच्या खालच्या बाजूने निघणारं.

आणि इथेच डार्विन. १८५९ च्या पुस्तकात त्याने वाताशयाचं फुप्फुस झालं असंच लिहिलं, तुमचं बरोबर. पण आज उलटं मानलं जातं. आफ्रिकेतला बिचिर नावाचा मासा बघा, तो लंगफिशच्या शाखेतला नाही, आपल्या रोहू-पापलेटच्या शाखेतला, फार जुना, आणि त्यालाही खालच्या बाजूने निघणारी दोन फुप्फुसं आहेत. म्हणजे ४० कोटी वर्षांहून आधी हाडांच्या माशांच्या समाईक पूर्वजालाच फुप्फुस होतं, पुढे बहुतेक माशांत त्याचं वाताशय झालं. घोळीच्या पोटातली जी पिशवी लाखांनी विकली जाते ती या हिशोबाने निवृत्त फुप्फुस म्हणायला हरकत नाही.

तुम्ही नागपूरचे म्हणून एक जास्तीचं सांगतो. प्राणहिता-गोदावरी खोऱ्यात तेलंगणातल्या मलेरीजवळच्या ट्रायासिक (वीस-पंचवीस कोटी वर्षांपूर्वीच्या) खडकांत लंगफिशचे दात सापडलेत, त्यातल्या एका जातीचं नाव सेराटोडस हिस्लॉपियानस, तुमच्या हिस्लॉप कॉलेजवाल्या स्टीफन हिस्लॉप यांच्यावरून ठेवलेलं.

शेवटी टँकमध्ये पाळण्याबद्दल विचारलंय. ऑस्ट्रेलियन संरक्षित आहे, तो विसराच. आफ्रिकन कुठे मिळालाच तर टँक काठोकाठ भरू नका, झाकणाखाली हवेला जागा ठेवा, सोबत दुसरा मासा टाकू नका कारण चावे घेतो, आणि कोष बघायचाय म्हणून पाणी काढून तर अजिबात बघू नका.