‘पाच हजारांत लाखाचा साउंड’ : आठ टिपा, आणि त्यातली जीवघेणी सातवी

‘पाच हजारांत लाखाचा साउंड, घरीच बनवा हाय-फाय स्पीकर’ हा मेसेज बरेच दिवस व्हॉट्सॲपवर फिरतोय. ग्रुपांवर दिसायचा तेव्हा सोडून देत होतो. आता तोच भाच्याने पाठवलाय आणि खाली विचारलंय, ‘मामा, हम जात नाहीये, सातवी टीप करू का?’ हम म्हणजे स्पीकरमधून सतत येणारी घूंऽ अशी गुणगुण. म्हणून हे लिहितोय.

टिपा थोडक्यात अशा. (१) ॲम्पचे (ॲम्प्लिफायरचे) वॉट जितके जास्त तितका साउंड भारी. (२) मोठं मॅग्नेट म्हणजे जास्त बास. (३) ॲम्प नेहमी स्पीकरच्या निम्म्या वॉटचा घ्या, म्हणजे स्पीकर कधीच जळत नाही. (४) चार ओहमचे दोन स्पीकर पॅरलल जोडा, आवाज दुप्पट. (५) खोका कुठल्याही मापाचा चालतो, फक्त लाकूड जाड आणि मागे भोक हवं. (६) कारचे ट्वीटर (बारीक सुरांचे छोटे स्पीकर) घ्या, २.२ मायक्रोफॅरडचा एक कपॅसिटर लावला की क्रॉसओव्हर, म्हणजे बारीक आणि जाड सूर वेगवेगळ्या स्पीकरांत वाटणारं सर्किट, झाला. (७) हम आला तर थ्री-पिन प्लगची अर्थची पिन काढून टाका. (८) महाग ऑक्सिजन-फ्री केबलशिवाय हाय-फाय नाही.

पहिली आणि तिसरी टीप एकमेकींच्या विरोधात आहेत, हे लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेलं नाही.

सातवी आधी. बाकीच्या टिपा ऐकून पैसे जातील, ही ऐकून माणूस जाईल.

पिन काढली की हम बऱ्याचदा जातो, हे मान्य करावंच लागतं. ॲम्पची बॉडी अर्थला जोडलेली, कॉम्प्युटरची बॉडीही अर्थला, आणि दोघांमधल्या ऑडिओच्या आरसीए केबलची जाळी त्या दोघांना पुन्हा जोडते. असं वेटोळं तयार झालं की जाळीतून ५० हर्ट्झचा बारीक करंट फिरतो आणि तो स्पीकरमधून ऐकू येतो. अर्थ तोडली की वेटोळं तुटतं. पण ती वायर हमसाठी घातलेली नसते. ट्रान्सफॉर्मरच्या प्रायमरीचं इन्सुलेशन गेलं, किंवा सोल्डर सुटून फेजची वायर पत्र्याला टेकली, तर अर्थमधून मोठा करंट जाऊन फ्यूज किंवा एमसीबी उडतो. अर्थ नसेल तर काहीच उडत नाही. ॲम्प मजेत वाजत राहतो आणि त्याच्या पत्र्यावर २३० व्होल्ट उभे असतात. ते केबलच्या जाळीतून लॅपटॉपच्या धातूच्या बॉडीपर्यंतही पोचतात. ‘आमच्याकडे आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) आहे’ असं कोणी म्हणेल. अर्थ काढल्यावर ३० मिलिॲम्पियरची गळती तुमच्या अंगातून झाली तरच त्याला कळणार, आणि जुन्या वायरिंगच्या घरांत तो बहुधा नसतोच.

विकत मिळणारे काही ॲम्प दोन पिनांचे असतात, हा युक्तिवादही नको. त्यांचं इन्सुलेशन दुहेरी असतं आणि मागे चौकोनात चौकोन अशी खूण असते. पत्र्याच्या डब्यात ट्रान्सफॉर्मर बसवून घरी केलेला ॲम्प त्यात मोडत नाही.

हम शोधायची रीत सरळ आहे. ॲम्प बंद करा, सोर्सच्या केबल काढा, इनपुटच्या आरसीएमध्ये मधली पिन आणि बाहेरची कडी शॉर्ट करणारा प्लग लावा आणि ॲम्प पुन्हा चालू करा. हम तसाच राहिला तर दोष ॲम्पच्या आत आहे. १०० हर्ट्झचा किरकिरा हम असेल तर फिल्टर कपॅसिटर कमी पडतोय किंवा चार्जिंगचा करंट सिग्नलच्या ग्राउंडमधून जातोय. सप्लायच्या प्रत्येक रेलला (प्लस आणि मायनस बाजूला) निदान ४७०० मायक्रोफॅरड द्या. स्पीकरचा परतीचा ग्राउंड, इनपुटचा ग्राउंड आणि कपॅसिटरांचा मधला बिंदू वेगवेगळ्या वायरींनी एकाच जागी आणा. ५० हर्ट्झचा खोल हम असेल तर इनपुटच्या वायरी ट्रान्सफॉर्मरजवळून जातायत का ते बघा. टोरॉइड, म्हणजे कड्यासारखा गोल ट्रान्सफॉर्मर, असेल तर तो बोल्टवर थोडा थोडा फिरवून बघा, बऱ्याचदा एका कोनात हम अगदी कमी होतो.

शॉर्टिंग प्लग लावल्यावर हम गेला तर वेटोळं बाहेर आहे. लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. सेट-टॉप बॉक्सची कोॲक्स केबल काढून बघा, पुष्कळदा चोर तिथेच सापडतो. सगळी उपकरणं एकाच एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. तरी जात नसेल तर सिग्नल लाइनमध्ये आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर टाका. अगदी स्वस्तातला बास खातो, तेवढी तयारी ठेवा. कायमचा उपाय ॲम्पच्या आत करता येतो. मेनची अर्थ पत्र्याला बोल्टने घट्ट, ती कधीच हलवायची नाही. मात्र ऑडिओ ग्राउंड पत्र्याला थेट न जोडता १० ओहम ५ वॉटच्या रेझिस्टरमधून जोडायचा. त्याला समांतर १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर, आणि एक दणकट ब्रिज रेक्टिफायर, २५ किंवा ३५ ॲम्पियरचा, त्याचे प्लस-मायनस पाय आपापसात शॉर्ट करून दोन्ही एसी पाय रेझिस्टरच्या दोन टोकांना. लहान व्होल्टेजला वेटोळं अडतं, दोष झाला तर डायोड चालू होऊन फ्यूज उडतो. हम जातो, अर्थ राहते.

पहिली टीप : वॉट. बोर्डावर छापलेले वॉट विसरा, सप्लायचे व्होल्ट बघा. टीपीए ३११६ चिपचा ‘१०० वॉट’ म्हणून विकला जाणारा बोर्ड घ्या आणि त्याला घरात पडलेला १२ व्होल्टचा अडॅप्टर लावा. ब्रिज आउटपुटमधून फार तर सप्लायइतकाच पीक (लाटेचा माथा) मिळतो, म्हणून वॉट म्हणजे व्होल्टचा वर्ग भागिले ओहमची दुप्पट. १४४ भागिले १६, म्हणजे ८ ओहमला कमाल ९ वॉट. २४ व्होल्ट दिले तर ३६. शंभर कुठून आणणार?

शिवाय वॉट दुप्पट केले तर आवाज वाढतो ३ डेसिबल, म्हणजे जेमतेम कळेल इतका. त्यापेक्षा ड्रायव्हरची (खोक्यात बसवायच्या नुसत्या स्पीकरची) सेन्सिटिव्हिटी, म्हणजे ठरावीक वॉटला तो किती डेसिबल वाजतो, ते बघा. ९२ डेसिबलचा ड्रायव्हर २५ वॉटवर जितका वाजतो तितकं वाजायला ८६ च्या ड्रायव्हरला १०० वॉट लागतात. पण शीटवर ‘१ वॉट’ लिहिलंय की ‘२.८३ व्होल्ट’ ते वाचा. चार ओहमच्या ड्रायव्हरला २.८३ व्होल्ट म्हणजे २ वॉट होतात, आकडा फुकटात ३ ने फुगतो. जाहिरातींतल्या पीएमपीओ वॉटबद्दल बोलायची गरज नाही, त्याला कुठलंच मानक नाही.

याच टिपेत ‘१२-०-१२ ट्रान्सफॉर्मरवर टीडीए २०३०’ (ही ॲम्पची चिप) अशी शिफारस आहे. रेक्टिफाय केल्यावर साधारण अधिक-उणे १६ व्होल्ट होतात खरे, पण लोड नसताना आणि रात्री लाइन २५० ला चढली की अधिक-उणे १८ ओलांडतात, आणि या चिपची कमाल मर्यादाच तेवढी आहे. मग ‘आयसी डुप्लिकेट निघाली’ म्हणून दुकानदाराशी भांडण. डुप्लिकेट मिळतातही, पण दर वेळी दोष त्यांचा नसतो. याच ट्रान्सफॉर्मरवर एलएम १८७५ ही चिप आरामात चालते.

दुसरी आणि पाचवी एकत्र. कारण दोन्हींचं उत्तर पन्नास वर्षांपूर्वीच दिलेलं आहे. ऑस्ट्रेलियात नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि पुढे रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला दाखवून दिलं की ड्रायव्हरचे मोजके आकडे माहीत असले की खोक्यात तो किती खाली जाईल हे सुताराकडे जाण्याआधी कागदावर काढता येतं. एफएस म्हणजे मोकळ्या हवेतला रेझोनन्स, क्यूटीएस म्हणजे त्या रेझोनन्सवर एकूण ब्रेक किती (ब्रेक जास्त तर आकडा कमी), आणि व्हीएएस म्हणजे कोनच्या (स्पीकरच्या हलणाऱ्या पडद्याच्या) लवचिकतेइतकी हवा, लिटरमध्ये. तीनही आकडे चांगल्या ड्रायव्हरच्या डेटाशीटवर छापलेले असतात.

उदाहरण घ्या. एफएस ४५ हर्ट्झ, क्यूटीएस ०.३८, व्हीएएस २० लिटर. बंद खोका साधारण ८ लिटरचा केला तर खोक्यासकट एकूण क्यू ०.७ येतो आणि बास ८४ हर्ट्झपाशी ३ डेसिबल खाली जातो. पोर्टचा (हवेसाठी नळी असलेला) खोका हवा तर १८.७ लिटर, ट्यूनिंग, म्हणजे पोर्ट ज्या सुरावर घुमतो तो, ४५ हर्ट्झ, आणि बास ४५ पर्यंत पोचतो. त्यासाठी आतून ५ सेंटिमीटर व्यासाचा, १२ सेंटिमीटर लांबीचा पीव्हीसी पाइप लागतो. ‘मागे भोक’ म्हणजे फक्त फळीच्या जाडीइतका पोर्ट. ट्यूनिंग भलतंच वर जातं आणि एकच सूर घुमत राहतो. ड्रायव्हर, पाइप आणि आडव्या पट्ट्या जागा खातात, म्हणून आतलं माप २० बाय २५ बाय ४० सेंटिमीटर धरा, २० लिटर होतात. आता त्याच ८ लिटरच्या बंद खोक्यात क्यूटीएस ०.८ असलेला, बाकी आकडे तेच असलेला ड्रायव्हर टाका. ८४ हर्ट्झच्या आसपास ४ डेसिबलचा उंचवटा येतो. लोक त्याला ‘बास’ म्हणतात, पण तबल्याचा डग्गा आणि ढोल त्यात सारखेच ऐकू येतात.

मॅग्नेटचं तर उलटंच आहे. मॅग्नेट खरोखर ताकदवान असेल तर कोनवरचा ब्रेक वाढतो, क्यूटीएस घटतो आणि रेझोनन्सजवळचा बास कमी होतो. मधल्या सुरांचा पट्टा मात्र जोरात वाजतो. मोठ्या मॅग्नेटचे पीएचे (सभा-कार्यक्रमांचे) स्पीकर घरच्या खोक्यात कोरडे वाजतात ते यामुळे. आणि बाहेरून दिसणाऱ्या आकारावरून ताकद कळतही नाही. निओडिमियमचं मॅग्नेट छोटंसं असतं, आणि रबरी टोपीखाली काय आहे ते दिसत नाही. डेटाशीट मिळत नसेल तर कॉम्प्युटरचं साउंडकार्ड, एक रेझिस्टर आणि रूम ईक्यू विझार्ड हे फुकटचं सॉफ्टवेअर एवढ्यावर हे आकडे घरी मोजता येतात. पुढची गणितं विनआयएसडी करून देतं.

लाकूड जाड असावं, इथे अर्धं खरं आहे. १८ मिलिमीटर पुरतं. त्याहून जाडीपेक्षा समोरासमोरच्या फळ्या जोडणारी आडवी पट्टी जास्त काम करते. सांधे हवाबंद हवेत. कोकणात एमडीएफ वापरणार असाल तर आतून-बाहेरून सील करा, कडा फुगतात.

सहावी. वरवर बिनधोक, पण बिघडलेल्या आवाजाचं कारण बहुतेकदा हीच. कपॅसिटरची कटऑफ काढायला १५९१५५ ला मायक्रोफॅरड आणि ओहमच्या गुणाकाराने भागा. २.२ ला आठ ओहमवर ९ हजार हर्ट्झ येतात. कारचा ट्वीटर चार ओहमचा, त्यावर १८ हजार! म्हणजे ट्वीटर जवळजवळ शोभेला. मग साडेसहा इंची वूफरला (बासच्या स्पीकरला) सगळं गायला लावायचं. त्याचा कोन अडीच हजारांच्या पुढे आवाज समोरच फेकतो, सोफ्याच्या कडेला बसणाऱ्याला गायिकेचे शब्द बोथट ऐकू येतात.

साधं, चालणारं मूल्य हवं असेल तर आठ ओहमचे दोन्ही ड्रायव्हर, अडीच हजार हर्ट्झ, दुसऱ्या ऑर्डरचा लिंकविट्झ-रायली जातीचा क्रॉसओव्हर. प्रत्येक बाजूला ३.९ मायक्रोफॅरड आणि १ मिलिहेन्री, ट्वीटरची पोलॅरिटी उलटी. ट्वीटरचा एफएस १२५० हर्ट्झच्या वर असेल तर इतकं खाली कापू नका. दोन कॉइल एकमेकींना काटकोनात आणि लांब बसवा. वूफरची कॉइल अर्ध्या ओहमपेक्षा कमी रेझिस्टन्सची हवी. कपॅसिटर फिल्मचे घ्या. दुकानात प्लस-मायनसचा साधा इलेक्ट्रोलिटिक पुढे केला तर परत करा. हे कागदी आकडे आहेत, ड्रायव्हरचा इम्पिडन्स सगळीकडे आठ नसतो. म्हणून शेवटी मोजून आणि ऐकून थोडं सरकवावं लागतंच.

तिसरी. छोटा ॲम्प ताणला की बासच्या लाटेची टोकं कापली जातात (यालाच क्लिपिंग म्हणतात), पण व्हॉल्यूम वाढवत गेलात की ट्रेबल वाढतच राहतो, वर कापलेल्या लाटेचे हार्मोनिक. पूर्ण क्लिप झालेला २५ वॉटचा ॲम्प ५० वॉटपर्यंत देऊ शकतो, आणि पहिला जळतो तो बारीक वायरचा ट्वीटर. (‘क्लिपिंगमधल्या डीसीने जळतो’ हेही खोटं, डीसी तर त्याचा कपॅसिटरच अडवतो.) मोठ्या ॲम्पने वूफरचा कोन प्रमाणाबाहेर हलून फाटू शकतो, विशेषतः पोर्टच्या ट्यूनिंगखाली, एवढं या टिपेच्या बाजूने. स्पीकरच्या खऱ्या आरएमएसइतका (तो सतत पेलू शकतो तितक्या वॉटचा) किंवा दीडपट ॲम्प घ्या आणि आवाज फाटायला लागला की नॉब मागे घ्या.

चौथी. दोन चार ओहम पॅरलल म्हणजे २ ओहम. आवाज वाढतो, खरं आहे, पण करंट दुप्पट होतो आणि चार ओहमसाठी केलेला ॲम्प तापून प्रोटेक्शनमध्ये जातो किंवा मरतो. आठ-आठ ओहमचे पॅरलल जोडा, चार ओहमच होतात.

आठवी. तीन मीटरला १.५ चौरस मिलिमीटरची घरगुती तांब्याची फ्लेक्सिबल वायर पुरते. जाऊन-येऊन रेझिस्टन्स ०.०८ ओहम, आठ ओहमचा एक टक्का. वाचलेल्या पैशांत वरचे फिल्म कपॅसिटर येतात.