'रेड बिअर्ड'वरच्या एका प्रतिक्रियेला उत्तर

अकिरा कुरोसावाच्या 'रेड बिअर्ड' या जपानी चित्रपटावरच्या माझ्या लेखाखाली 'एक प्रेक्षक' या नावाने तुम्ही लिहिलंय, "तीन तास एका साधूचं प्रवचन. लेखकाला गुरुभक्तीचं वेड लागलंय, म्हणून हा कुरोसावाचा उत्तम चित्रपट वाटतो." पुढे संगीतावर आणि कृष्णधवल छायाचित्रणावरही शेरे मारलेत.

मत वेगळं असू द्या, पण ही बोलायची कुठली पद्धत? चित्रपट आवडला नाही तर तसं सांगा. मला कसलं वेड लागलंय हे तुम्ही कोण ठरवणार? लांबीचं म्हणाल तर मान्य. 185 मिनिटं आहेत, आणि साहाची या रुग्णाची पूर्वकथा मलाही रेंगाळलेली वाटते.

पण साधू? तोशिरो मिफुनेने साकारलेला डॉ. नीइदे, म्हणजेच 'रेड बिअर्ड', कुंटणखान्याबाहेर गुंडांची हाडं मोडतो, मग त्यांनाच उपचार देतो, आणि डॉक्टरने असं वागू नये हेही स्वतःच म्हणतो. श्रीमंतांकडून भरमसाट पैसे घेतो, कारण एदोतल्या (आजच्या टोकियोतल्या) त्याच्या गरिबांच्या दवाखान्याचा खर्च भागवायचा असतो. साधू असे असतात का?

आणि प्रवचन कुठे ऐकलंत? कुंटणखान्यातून सोडवून आणलेली, तापाने फणफणलेली ती मुलगी, ओतोयो, आठवा. नीइदे औषधाचा चमचा पुढे करतो, ती उडवून लावते. तो पुन्हा भरतो, ती पुन्हा उडवते. तो चिडत नाही, समजावतही बसत नाही. शेवटी ती पिते. नागासाकीत डच वैद्यक शिकून आलेला, दवाखान्याचा गणवेशही नाकारणारा तरुण डॉक्टर यासुमोतो शेजारी बसून हे बघत असतो. त्याचं शिक्षण होतं ते असं.

मी सरकारी रुग्णालयात इंटर्नशिप केली आहे, त्यामुळे हे ऐकीव सांगत नाही. आमचे वरिष्ठ सेवाभावावर तासन्‌तास बोलायचे आणि राउंडला रुग्णाकडे न बघता केसपेपरवर सही करून पुढे जायचे. जुलाबांनी सुकलेल्या एका बाळाची शीर मला सापडेना, तेव्हा रात्रपाळीच्या सिस्टरांनी माझं बोट धरून त्याच्या घोट्याजवळ नेमकं टेकवलं. बोलल्या काहीच नाहीत. गुरू म्हणजे काय हे मला तिथे कळलं, आणि तुम्ही त्याला 'वेड' म्हणता!

यासुमोतो भक्त असता तर गुरूचं ऐकून निमूट राजवैद्य झाला असता. "पस्तावशील" असं नीइदे बजावतो, तरी तो दवाखाना सोडत नाही.

बाकीच्या शेऱ्यांना उत्तर देण्यासारखं काही नाही. पुन्हा लिहाल तेव्हा स्वतःच्या नावाने लिहा, आणि ओतोयोचा भाग तरी आधी पूर्ण बघा.