फ्रिट्झ लँगच्या ‘एश्नापूर’वरचे आरोप

‘एश्नापूरचा वाघ’ आणि ‘भारतीय कबर’ या दिग्दर्शक फ्रिट्झ लँगच्या १९५९च्या जर्मन जोड-साहसपटाचा विषय निघाला की ठरलेला शेरा येतो: स्टुडिओत उभारलेला बाजारू भारत, तिकीटबारीवर आपटला, समीक्षकांनी झोडपला आणि लँग संपला. यातलं जवळजवळ काहीच टिकत नाही.

आपटला? पश्चिम जर्मनीत दोन्ही भागांना प्रेक्षकांनी गर्दी केली होती.

जर्मन समीक्षकांनी टर उडवली, हे खरं. पण फ्रान्समध्ये ‘कायए द्यु सिनेमा’ या चित्रपटविषयक मासिकाच्या तरुण मंडळींनी हेच चित्रपट उचलून धरले. त्यांच्यातल्याच, पुढे दिग्दर्शक झालेल्या गोदारने १९६३मध्ये आपल्या चित्रपटात लँगला स्वतःच्याच भूमिकेत पडद्यावर आणलं. अमेरिकेतलं मत तर धरूच नये. तिथे १९६०मध्ये सव्वातीन तासांचा ऐवज कापून दीड तासाचा एकच चित्रपट दाखवला गेला. त्यावरून लँगला नापास करणं अन्याय आहे.

‘स्टुडिओतला भारत’ हेही अर्धसत्य. बर्लिनमध्ये सेट होते, पण उदयपूरला जाऊनही चित्रीकरण झालं. खोटा नाग आणि चेहरा रंगवून भारतीय झालेले युरोपीय नट मलाही खटकतात. तो आक्षेप रास्तच आहे. पण त्यापायी रचनेकडे डोळेझाक का करायची? नायक वास्तुविशारद. वर झगमगता महाल, खाली भुयारांत कोंडलेले कुष्ठरोगी. नर्तकी जिवंत असतानाच तिच्यासाठी कबर बांधायचा महाराजाचा हुकूम. सत्ता आणि मत्सर इथे संवादांपेक्षा जिने, दारं आणि तळघरांतून कळतात. लँग बांधकाम व्यावसायिकाचा मुलगा होता, ते इथे फ्रेमफ्रेमला दिसतं.

कथा जर्मन लेखिका थेआ फोन हार्बोच्या कादंबरीतली. मराठी वाचकाला लगेच तिचे पती, बेळगावकडचे पत्रकार अयी तेंडुलकर आठवतील; पण ही कादंबरी १९१८ची आहे आणि तेंडुलकर तिच्या आयुष्यात आले १९३०नंतर. तिचा हा भारत त्यांच्याकडून आलेला नाही.

राहिला ‘लँग संपला’ हा शेरा. याच कादंबरीवरच्या १९२१च्या मूकपटाची पटकथा त्याने हार्बोबरोबर लिहिली होती. दिग्दर्शन मात्र निर्माता जो मे याने स्वतःकडे घेतलं. हातून गेलेलं काम लँगने इतक्या वर्षांनी पुरं केलं आणि लगेच १९६०मध्ये, ‘एश्नापूर’च्याच निर्मात्यासाठी, म्हणजे आर्टुर ब्राउनरसाठी, डॉक्टर माबुझे या गुन्हेगार पात्रावरचा नवा चित्रपटही केला.